उंदीर नव्हते

आधी मला वाटलं, पोत्यांत उंदीर शिरलेत.
रात्री दोनच्या सुमाराला करकर, करकर,
गंजक्या गिअरवर गिअर घासावा तशी.
चाळीस वर्षं मी बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठलं बेअरिंग गेलंय,
आणि शेजारी निजलेली बायको झोपेत दात खातेय
हे कळायला मला तीन आठवडे लागले.

ओक-बुन जुमुनजिनच्या बाजारात सुकं माकूळ विकते.
गिऱ्हाईक थबकलं की एक तंगडी तोडून
आधी स्वतः चावून दाखवते:
बघा, चामडं नाही, गोडवा आहे.
दिवसाला तीस-चाळीस तंगड्या.
अलीकडे बोटी रात्रभर दिवे पाजळून रिकाम्या येतात,
गिऱ्हाईक भाव विचारतं आणि पुढे जातं.
‘होईल काहीतरी,’ ती म्हणायची.
जे म्हणत नव्हती
ते दिवसा गिळायची, रात्री चावायची.

पहिल्यांदा नुसतं टक् झालं,
जांभई देताना, कानाच्या पाळीपुढे.
मग कान ठणकला. डॉक्टरने कानात बघितलं, कान बरा होता.
मग डोकं. मग डावीकडची दाढ.
ती उपटून घेतली.
फासावर चढवल्यावर निर्दोष ठरावी
तशी निघाली दाढ, पांढरीशुभ्र.
ती म्हणाली, वय झालं.
शेजारची मल-सुन म्हणाली, मिठाच्या पुरचुंडीने शेक.
मी म्हणालो, खरं तेच सांगतो,
मी म्हणालो, जरा कमी बोल.

दुखणं अंगावर काढायची तिची जुनी खोड.
एवढं अंग पडलं होतं,
पण ते जाऊन बसलं बोटाच्या पेराएवढ्या सांध्यात.
सफरचंद सुटलं. मुळ्याची किमची सुटली.
मग भात पातळ होत होत पेज झाला,
आणि मी विचारलं, आज पण पेज?

नातवाचा पहिला वाढदिवस. फोटोवाला ओरडला,
सगळ्यांनी म्हणा, किमची!
तिचं तोंड बोटभर उघडलं आणि तिथेच थांबलं.
फोटोत ती कोणावर तरी रागावल्यासारखी दिसते.
तांदळाचा केक तिने रुमालात बांधून घरी आणला
आणि रात्री पाण्यात कुस्करला.
चमच्याचा आवाज होऊ न देता.

दुसऱ्या दिवशी गांगनुंगची बस.
डॉक्टर प्यो, आमच्या लेकीहूनही लहान.
कानापुढे दोन बोटं ठेवून म्हणाली, उघडा. मिटा. उघडा.
मोजपट्टी लावली: चोवीस मिलिमीटर.
‘कधीपासून?’
‘अडीच वर्षं.’
ती रागावली नाही. नुसतं लिहून घेतलं.
मला मात्र ते सगळे तांडेल आठवले
जे शाफ्ट तुटल्यावर बोट ओढत आणायचे,
आणि मी ज्यांच्यावर खेकसायचो:
खडखड ऐकू येत होती ना?
तेव्हाच आला असतात तर
थोड्या ग्रीसवर भागलं असतं!

आता रात्री दातांवर पारदर्शक पट्टी.
सकाळ-संध्याकाळ गरम टॉवेल.
आरशासमोर जीभ टाळूला टेकवून
हळूहळू तोंड उघडायचं, दहा वेळा,
पहिल्या दिवशी दहाव्या वेळेला तिला रडू आलं.
दुकानात ती माकूळ कात्रीने कापून देते,
चव तुमची तुम्ही बघा म्हणते.
चार महिन्यांनी सदतीस मिलिमीटर.
थंडीत अजून टक् होतं. होईल म्हणाली डॉक्टर,
दुखलं तर या, न दुखता वाट बघू नका, असंही म्हणाली,
आणि मग स्वतःच हसली, उलटं बोलले म्हणून.

एक बदल तिने लिहून दिला नव्हता.
पट्टी घातली की बोलणं बोबडं होतं,
म्हणून ओक-बुन आधीच सगळं बोलून घेते:
गोदामाचं भाडं, मल-सुनची उधारी,
विकलेल्या बोटीबद्दल मी तिला विचारलं नव्हतं ते,
आणि ‘कमी बोल’ म्हणालो होतो, तेही.
तारखेसकट.

मग पट्टी चढवते, दिवा घालवते.
मी थोडा वेळ जागा राहतो, कान लावून.
काल पोत्यांत खरंच उंदीर होता.