टोकनचा गोळा

निफाडहून फुटलेली आमची लाइन, एकेरी.
गंगथडीच्या काळ्या मातीत मुरूम ओतला, रूळ टाकले
ते उसासाठी. माणसं मागून आली,
दोन डबे, मालगाडीच्या शेपटाला बांधून.
कागदावर नाव मिश्र गाडी.
गावात म्हणत खिचडी.

पुढे पॅसेंजर सुटी झाली, माल सुटा,
रूळ मात्र तेच.

वडील पॉइंट्समन, रंगनाथ गांगुर्डे.
खांद्यावर वेताचं कडं,
कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा.
गोळा ज्याच्या हाती, लाइन त्याची.
धावत्या इंजिनातून ड्रायव्हर कोपर बाहेर काढी
आणि कडं ओढून नेई.
वडिलांच्या दंडावर कायम एक निळा वळ.
आई त्याला हळद लावायची, मग लावेनाशी झाली.

त्या वैशाखात
एकोणतीस वाघिणी कांदा भरून उभा,
वास थेट आमच्या क्वार्टरच्या पाण्यात.
आणि पॅसेंजरमध्ये सटूबाई, दिवस भरलेली,
खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून.
नियम असा : नाशवंत माल आधी.

भालेराव मास्तर, सॅम्युएल भालेराव, शरणपूरचे,
चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले, रंगनाथ, गोळा पॅसेंजरला दे.

रजिस्टरात लिहिलं :
मालगाडी अडवली, पंचेचाळीस मिनिटे.
कारण, नाशवंत माल.
वरून पत्र आलं, कुठला माल, किती नग?
मास्तरांनी उत्तर पाठवलं :
निघताना एक. कादवेच्या पुलावर दोन.
वजन केलेले नाही.

त्यांची वेतनवाढ थांबली.
कांदा काही नासला नाही.

पुलावरच्या पोरीला गाव वाघीण म्हणू लागलं.
रेल्वेच्या भाषेत तो डबा,
आमच्या भाषेत ती वाघीणच.

नंतर एसटी आली, मग सहा आसनी काळी-पिवळी,
पॅसेंजरचे डबे कधी काढले
मला नक्की आठवत नाही. कुणी हारही घातला नाही.
गोळाही गेला. आता दिवे सांगतात.
रात्री सिमेंट जातं, दिवसा खत,
उतरायला कुणी नसतं.

परवा फाटकाशी वाघीण दिसली, स्कूटीवर,
पायाशी द्राक्षकलमांची पिशवी.
गाडी संपेना. ती बोटानं डबे मोजत होती,
तेहतीस, चौतीस,
तेवढ्यात फोन वाजला, आणि मोजणी चुकली.