हातचा एक

आवाज माझं काम नाही.
आवाज आतल्या खोलीत, तुल्लिओकडे.
तो ट्रान्झिस्टर उपटतो, स्वतःशीच शिव्या घालतो,
आणि भिंतीपलीकडून मधूनच एक स्वर येतो
दाढ ठणकल्यासारखा.
माझ्याकडे नुसती पेटी.
गाणारा दवाखान्यात,
आणि मी त्याचा कोट उसवत बसलेय.

एल्विओनं तो सेनिगाल्लियाहून आणला,
मासळीच्या टेम्पोत, ब्लँकेटात गुंडाळून.
इलेक्ट्रिक ऑर्गन, सदुसष्टचा, लाल आणि करडा,
समुद्राकाठच्या नाचघरांत बारा उन्हाळे
चार बारीक पायांवर उभा राहिलेला.
खालची फळी बिअर पिऊन फुगली होती.
एक पाय दुसऱ्याच कुणाचा तरी.
झाकणावर सिगारेट विझवल्याचा डाग.
'कुणाची?' म्हटलं, तर म्हणाला, 'तेव्हा सगळेच ओढायचे.'
मग बऱ्याच वेळानं:
'नव्यासारखा करून दे, नाझ्झारेना.'

नव्यासारखा.
लाल रेक्झिनचे तीन तुकडे मागवले.
एक टोमॅटोचा, एक कार्डिनलच्या झग्याचा,
एक अगदीच आगीच्या बंबाचा.
मूळचा लाल कुठला ते
फक्त हँडलखाली कळत होतं,
जिथे ऊन कधी पोचलंच नाही.

रेक्झिन ओरबाडायचं नसतं.
गरम हवा द्यायची, थांबायचं,
बोथट पातं आडवं धरून
जखमेवरची पट्टी काढावी तसं सोलत जायचं.
सरस विरघळतो तेव्हा
आमच्या या टेकडीचा जुना वास येतो.
आई घरी अकॉर्डियनचे भाते चिकटवायची,
तिच्या बोटांना रविवारीसुद्धा
हाच वास.

डाव्या बाजूची फळी उघडी पडली
आणि आत पेन्सिल.
नाव नाही. तारीख नाही.
बदाम नाही, बाण नाही.
वजाबाकी.

बासष्ट हजार चारशे
उणे सत्तावीस हजार पाचशे.
खाली रेघ, दोनदा ओढलेली, पगाराच्या दिवशी ओढतात तशी.
उत्तर: पस्तीस हजार नऊशे.

मी पातं खाली ठेवलं.
बोटांवर केली, मग कागदावर केली.
चुकलाय.
हातचा घेतला
आणि परत करायचा विसरला.

हजार लिरा.
कोण होता कोण जाणे. होती, कदाचित.
भाडं वजा केलं असेल, किंवा वाण्याची उधारी,
आणि शिल्लक बघून मनात म्हटलं असेल,
चला, बुटांचं जमतंय.
मग मुकादमाची पावलं वाजली,
ब्रशनं सरस फासला, वर लाल ताणून बसवलं,
आणि तो हिशेब बारा उन्हाळे
लोकांच्या कमरेच्या उंचीवर नाचत राहिला
चुकीचाच.

घरी जाऊन नोटा मोजेपर्यंत
तो माणूस हजारानं श्रीमंत होता.
किती तास? सायकलनं चढ चढून
घरी पोचायला लागतील तेवढे.

फुगलेली फळी बदलली. पॉपलरचीच घातली.
पाय व्हिनेगरनं घासले, उपरा पायही घासला,
इतकी वर्षं भार उचललाय त्यानं.
डावी फळी मात्र घासायला घेतली
आणि पॉलिशपेपर हातातच राहिला.
कानामागची पेन्सिल काढली.
पाचाचा चार करायला
एक रेघ पुरली असती.

एल्विओ शनिवारी आला.
आधी झाकणावर हात फिरवला,
डाग होता तिथे बोट थांबलं, काही बोलला नाही.
डागाचा तुकडा मी लिफाफ्यात घालून दिला.
लिफाफा त्यानं उघडला नाही, खिशात ठेवला.
तुल्लिओनं वायर जोडली, दोघं वाकून ऐकत राहिले.
मी कडीकडे बघत होते:
नीट बसते का, कट्ट वाजते का.

बिल केलं. बेरीज दोनदा तपासली.
डावी फळी, जुनी, तशीच ठेवली आहे,
असं खाली लिहिलं,
पैसे लावले नाहीत.