सगळ्यात लहान ओळ

क्लाक्सविकच्या स्वयंपाकघरात
सुनिवा तीन प्रती उघडून बसलीय.
लाजरच्या थडग्यापाशी
आजोबांच्या डॅनिशमध्ये तो रडला.
घरच्या बोलीत, एकीत ढसाढसा,
दुसरीत नुसते डोळे पाणावले.

‘आणि मुळात?’
पाळकबाई फोनवर खोकल्या, म्हणाल्या,
‘बहीण आक्रोश करते, तो शब्द निराळा.
ह्याचं पाणी आवाज न करता येतं.’

खिडकीतून शेड दिसते.
योआन्नेस पोराच्या बोटीचं
जुनं इंजिन पुसतोय, कालही पुसलेलं.
दफनाला कोरडा उभा राहिला
म्हणून अकरा महिने ती त्याच्याशी
‘मीठ दे’ एवढंच बोलते.

चष्मा प्रतीवर तसाच ठेवून
ती दोन कपांत कॉफी ओतते.
साखर किती लागते ह्याला?
आठवत उभी राहते.