पेटी न उघडता

कुरेसारेच्या दवाखान्यात मार्च उजाडला तरी
खिडकीच्या काचेला आतून हिम धरलेलं.
लेइदा कोट काढते, स्वेटर काढते, त्याखालचा दुसरा स्वेटर,
घड्या घालून खुर्चीवर रचून ठेवते,
मुक्कामालाच आल्यासारखी.

डावीकडे, घड्याळात दहा वाजतात तिथे,
वाटाण्याएवढं काहीतरी.
डॉक्टर आर्वो सुई दाखवतात,
रक्त काढायच्या सुईहूनही बारीक.
"मुंगी चावल्यासारखं वाटेल."
"मुंगीचं ठाऊक नाही," लेइदा म्हणते,
"चाळीस वर्षं मधमाश्या पाळतेय.
नांगी मोडून आत राहिली नाही म्हणजे झालं."

सुई आत. मागेपुढे, मागेपुढे,
चवथ्या खेपेला डॉक्टरांची भुवई हलते.
बाहेर.

माझं टेबल पडद्याच्या अलीकडे.
मी बाई बघत नाही,
बाईतून निघालेला थेंब बघते.
थेंब काचेवर, त्यावर दुसरी काच, आणि ओढायचं.
जोर जास्त झाला तर पेशी चिरडतात,
कमी पडला तर ढीग होतो.
किती जोर, ते अंगठ्याला कळतं,
माझ्या अंगठ्याला नऊ वर्षं लागली.
मग हवेत हलवून वाळवायची, निळ्यात बुडवायची,
पाणी, एक झटका, भिंगाखाली.

पहिल्या काचेवर नुसती चरबी आणि रक्त.
"पुन्हा घ्यावं लागेल," मी म्हणते.
पडद्यापलीकडून हसू येतं.
"पहिल्या डंखात कोण मध देतं?"

दुसरी काच.
साध्या पेशी चिकटून बसतात,
एका पातळीत, बाजूला बाजू लावून.
आमच्यात त्याला पोळंच म्हणतात, खरंच,
आणि हे तिला आत्ता ओरडून सांगावं असं वाटतं.
तेवढ्यात काच सरकते, कोपरा येतो.
इथे पोळं नाही.
इथे सगळ्या सुट्या,
एकमेकींचा हात सोडलेल्या,
पोटातला गडद ठिपका फुगून काठाला टेकलेला.
मोजते. अकरा.
बारावी पुसट आहे, तिच्याबद्दल खात्री नाही.

कागदावर मी लिहिते: संशयास्पद.
पुढचं टाल्लिनला, जाड सुईने, तुकडा काढून.
डॉक्टर तिला समजावतात. ती ऐकते
आणि पडदा बाजूला सारून माझ्याकडेच येते,
खांद्यावर दवाखान्याचा टॉवेल.

"हिवाळ्यात आम्ही पेटी उघडत नाही," ती सांगते,
"उघडली की आतली ऊब जाते, त्या मरतात.
दाराच्या फटीत रबरी नळी घालायची,
दुसरं टोक कानाला.
एकसारखी गुणगुण असेल तर बरं चाललंय.
नाहीतर आवाज फाटतो."
थांबते. "बघू का?"

नियमात बसत नाही. मी खुर्ची सोडते.
ती एक डोळा मिटून वाकते, बराच वेळ,
टॉवेल घसरतो, तिला कळत नाही.
छातीवरची पट्टी बोटाच्या पेराएवढी,
मधोमध रक्ताचा एक टिंब.

"राणी नाहीय या पेटीत," ती म्हणते.

मग पहिला स्वेटर, दुसरा स्वेटर, कोट.
बेटावरून जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रक ती
परिचारिका हेल्वीकडून हातावर लिहून घेते.

जेवण झाल्यावर मी काच पुन्हा चढवते.
पुन्हा मोजते.
बारा.