चौऱ्याऐंशी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आता मी केळीच घेतो,
मयडेची, आणि थोडी सुकी सुंगटं,
आणि कोपऱ्यावर इनासच्या गोणपाटापाशी
पाय जरा उचलतो.
"बाब, जहाजाचा दिवा आलाय वास्कोहून,
पितळ बघ, दोन किलो सहज भरेल."
पूर्वी मी भांडलो असतो त्याच्याशी,
दिवा काय किलोवर मोजतात?
आता म्हणतो, भाव चांगला आहे, वीक.

घरी त्र्याऐंशी आहेत.
पहिला कार्बाइडचा, हळदोण्याच्या रुझारियोचा,
ज्याच्या उजेडात तो रात्री कुर्ल्या धरायचा.
अजून नाकाशी नेला की लसणीचा वास येतो.
एकोणिसावा फेरीबोटीचा, हिरवी काच, तडकलेली.
चाळिसावा एका बंद पडलेल्या सिनेमागृहाचा,
लाल, त्यावर पोर्तुगीजमध्ये 'बाहेर'.
आणि एकसष्टावा माझा स्वतःचा म्हणा,
रायबंदरच्या खांबावर मीच चढून बसवलेला,
मीच उतरवलेला,
वीज खात्यातली एकतीस वर्षं त्याच्या दोन टोकांमध्ये.

सोडियम.
बटण दाबलं की आधी गुलाबी व्हायचा,
मग थोडा विचार करायचा,
मग सावकाश त्या रंगावर यायचा
जो मानकुरादीला कोयीपाशी असतो.
आणि तापलेला असताना वीज गेली,
तर परत आल्यावरही रुसून बसायचा,
निवेपर्यंत पेटायचा नाही.
खांबाखाली उभं राहून
मी त्याची समजूत काढल्यासारखा वर बघत असे.

नवा उजेड वाईट आहे असं नाही.
त्यात प्रफुल्ला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.
बिल निम्म्यावर आलं.
नोकरीच्या शेवटच्या वर्षी दीडशे खांबांवर
तो माझ्याच हातांनी चढला.
बटण दाबायच्या आधीच लागल्यासारखा लागतो,
त्याच्याकडे बघत उभं राहायला
जागाच ठेवत नाही.

खात्यातून ज्युलियानाचा फोन आला होता.
"सर, रायबंदरचे शेवटचे सहा उतरवतोय,
एक ठेवू तुमच्यासाठी?"
मी बांगड्याचा काटा काढत होतो.
म्हटलं, पाहतो.
पाहतो म्हणजे नाही, हे तिला तेव्हाच कळलं.
मला आठवडा लागला.

मग आसगावचा कॅफेवाला आला, गाडी घेऊन.
त्याला नुसते सांगाडे हवेत,
पोटातलं सगळं काढून
आत तो तारेसारखी दिसणारी खोटी तार घालणार.
मला वाटलं होतं, उचलून देताना हात जड होईल.
बारा दिले.
हात नेहमीसारखाच होता.
चहाही पिऊन गेला.

आणि गेल्या मंगळवारी वीज गेली.
मी नेमका त्या खोलीत होतो,
एकाहत्तर दिव्यांच्या मधोमध,
आणि खिशातून मोबाइल काढला.
फळीवरच्या काचा ओळीने उजळल्या,
प्रत्येकीत एकेक मोबाइल,
आणि प्रत्येक मोबाइलमागे एक म्हातारा
काडेपेटी कुठे ठेवलीय ते आठवत नसलेला.

मला बहुधा दिव्यांची नव्हे,
त्यांच्या उशिराची आवड होती.
किंवा तीही नसेल.
चोकची गुणगुण ऐकत पत्र्याखाली बसलेल्या
त्या पस्तिशीच्या माणसाची असेल,
ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा खांबावर चढायचं होतं.

वहीत मी चौऱ्याऐंशी आकडा आधीच घालून ठेवला होता,
तारखेची जागा सोडून, कुठून मिळाला त्याची जागा सोडून.
काल वही स्वयंपाकघरात सापडली.
चौऱ्याऐंशीच्या पुढे प्रफुल्लाच्या अक्षरात:
पोदेर, सोमवार, उंडे सहा.
मंगळवार, पोयी चार.
बुधवारी आला नाही.