फंक्टस ऑफिशिओ

मोखोतलाँगच्या कोर्टात मी दुभाषा. एकोणीस वर्षं.
जामिनाला शब्द आहे आमच्याकडे,
तारीख तर मेंढपाळाच्या पोरालाही पाठ;
पण आज सकाळी मॅजिस्ट्रेट लिनेओबाई म्हणाल्या,
फंक्टस ऑफिशिओ,
आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

समोर न्ताते सेखोबे. घोंगडीवर बर्फ अजून तसाच,
रात्रभर तट्टावरून आलेला माणूस.
मुठीत चिठ्ठी: सात मेंढ्या, कानाची खूण,
विकणाऱ्याचा अंगठा.
सुनेला सापडली म्हणे, मक्याच्या पिठाच्या डब्यात,
तळाशी.

निकाल काल चार वाजता लागला.
मेंढ्या चोरीच्या ठरल्या. शिक्क्याची शाई वाळली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. दोनदा.
चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरून बसल्या.
सेसोथो त्यांच्याही आईची भाषा;
म्हातारा तोंड उघडतो तेव्हाच त्यांना कळलेलं असतं,
तरी माझ्या इंग्रजीसाठी थांबतात,
कारण नोंदवहीला दुसरं काही येत नाही.

आता ह्याला काय सांगू?
काम उरकलेली बाई?
ती तर संध्याकाळी घरी जाणारी कुणीही.
हात बांधलेली?
कुणी बांधले, विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

शेवटी म्हणालो,
न्ताते, गाय व्याली की वासरू परत पोटात जात नाही.
निकाल काल जन्मला.
बाईंच्या पोटात तो आता नाही.

म्हातारा गप्प. बर्फाचं पाणी फरशीवर टपटपत होतं.
मग माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघून म्हणाला,
'खरं आहे.
पण गाय वासराला चाटते.'

हे मी इंग्रजीत केलं नाही.
बाईंनीही मागितलं नाही.
नोंदवहीत त्या जागी सरळ पुढची केस सुरू होते,
कुंपणाच्या भांडणाची.

दुपारी कोर्टामागे, चुलीवर तळण उकळत होतं तिथे,
बाई काळा झगा हातावर टाकून उभ्या.
'अपिलाचा कागद कुठल्या खिडकीत मिळतो,
मासेरूची बस कधी सुटते,
एवढं सांगायलाही अधिकार लागतो का रे?'

मला एकदम जाणवलं,
हे त्यांनी सेसोथोत विचारलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. फाटकाकडे बघितलं.
तट्टू अजून खांबालाच होतं,
गवत चावत.