पंक्तिप्रपंच

पहाटे चार दहा. ग्रिम्सबी, फ्रीमन स्ट्रीट.
वाऱ्याला धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास.
मुलगा एकोणीसचा. नाव रेबाज, स्पेलिंग दोनदा विचारलं.
पाठपिशवीत टॉवेलात गुंडाळलेला चाकू,
पातं वीतभर, लवचिक,
धार लावून लावून मधे खंगलेलं.
"मासे," तो म्हणाला. "पाच वाजता. काम."

कायदा म्हणतो, रस्त्यावर पातं नको,
सबळ कारण असेल तर चालेल.
सबळ म्हणजे किती, ते माझ्यावर सोडलंय.
अटक गरजेची आहे का, हेही मीच ठरवायचं,
उभ्या उभ्या, हातमोजा दातांनी ओढून काढत.

ट्रेनिंगला ऑल्डरसनबाईंनी फळ्यावर तीन वर्तुळं काढली होती.
निळ्यात नियम: जे याला, तेच सगळ्यांना.
लालमध्ये परिणाम: तुमच्या एका सहीनं
उद्या कुणाचं काय होईल ते मोजा.
हिरव्या पेनातली शाई संपत आलेली.
तिसऱ्यात काय लिहिलं ते मागच्या बाकावरून
मला दिसलंच नाही.
भला माणूस इथं काय करेल, असं काहीसं,
वेननं त्याच्या वहीत दाखवलं
आणि बिस्किटाचा पुडा फोडला.

तोच वेन आता गाडीत बसून काचेवर बोटं वाजवतोय.
"घे की आत. कोठडीत चहा तरी गरम मिळेल त्याला."

मी मोजते.
नेलं तर बोटांचे ठसे, फोनवर दुभाषा, सहा तास,
पाचची पाळी बुडाली, बहुधा नोकरीही,
आणि कागदांत एक ओळ, कधीच न पुसणारी.
सोडलं, आणि तो खोटं बोलत असला तर?
गेल्या वर्षी बस डेपोमागं एका पोराच्या मांडीवर
मी दोन्ही तळवे दाबून धरले होते,
अँब्युलन्स येईपर्यंत.
तो हिशोब अजून माझ्या नखांत आहे.

शेवटी चाकू टॉवेलातून काढला. नाकाशी धरला.
मुठीच्या भेगेत एक खवला, वाळून काचेसारखा.
मासा. निव्वळ मासा.
"जा," म्हटलं. "आणि म्यान घे त्याला. टॉवेल नको."
तो लगेच गेला नाही. आधी पिशवीची चेन लावली,
सावकाश, दोन्ही हात मला दिसत राहतील असे.
हे त्याला कुणी शिकवलं असेल?

वहीत लिहिलं: चौकशी केली. कारण समाधानकारक. अटक नाही.
वेन म्हणाला, मनानं मऊ आहेस तू.

गोदीच्या वळणावर केनेथ आठवला.
ऑक्टोबर, हीच वेळ, हाच रस्ता,
पांढरे केस, पिशवी, असलंच पातं.
"मासे सोलतोय पोरी, चाळीस वर्षं," म्हणाला,
आणि मी म्हटलं होतं, जपून जा, निसरडं आहे.

आमच्याकडं पंगतीत एखाद्याच्याच पानात
तूप जास्त पडलं, की काशीआत्या
वाढणाऱ्याच्या हातातली वाटी काढून घ्यायची,
सगळ्यांदेखत. एक शब्द न बोलता.

इथं पहाटे कोण असतं?
दोघांनाही सोडलंय. नोंदी सारख्या,
अक्षरसुद्धा सारखं. कुणी तपासलं तर
बोट ठेवायला जागा नाही.

केनेथचा चाकू मी हुंगला नव्हता.